दोरीपलीकडचा उतार

सुलेखा खोब्रागडे स्कीइंग कधीच शिकली नाही. आमच्या गावात इतकी वर्षं काढून हे तसं नवलच. अमेरिकेतल्या कोलंबिया नदीच्या काठचं, सफरचंदांच्या बागांनी वेढलेलं हे छोटंसं शहर. मागे डोंगर, आणि गाडीनं तासाभराच्या आत डोंगरावर स्की एरिया. इथली पोरं नीट चालायला लागायच्या आधी बर्फावरून घसरायला लागतात.

सुलेखाचा नवरा हेमचंद्र इथल्या वीज कंपनीत नोकरीला आला, आणि पहिल्याच हिवाळ्यात ऑफिसातल्या लोकांबरोबर वर गेला. दिवसभर आपटला, घरी येऊन कंबर शेकत बसला आणि म्हणाला, "पुढच्या शनिवारी परत जातो." त्यानंतर तो शनिवार कधी सुटला नाही. मुलगा झाला, आर्य. तो जेमतेम चार वर्षांचा असताना हेमचंद्रनं त्याला दोन पायांमध्ये धरून उतारावरून खाली आणलं. पोरगं घाबरण्याऐवजी खिदळत होतं.

सुलेखा तेव्हा उताराच्या पायथ्याशी असलेल्या लॉजमध्ये बसायची. खालच्या मजल्यावर मोठ्या काचेपाशी एक लांब टेबल होतं, ते तिचं. थर्मासमध्ये चहा, फॉइलमध्ये गुंडाळलेले पोळीचे रोल, शेंगदाण्याची चटणी, सगळ्यांचे सुके मोजे. बाकीच्या आया बूट करकचून आवळून बाहेर पडायच्या, आणि ही काचेतून त्या पांढऱ्या उतारावरचे दोन ठिपके शोधत बसायची. मी चिडवायचे, तर म्हणायची, "वीणा, मला घसरायची हौस नाही गं. माझे पाय आहेत तिथं बरे आहेत."

आम्ही दोघी गावातल्या हॉस्पिटलात, ती फार्मसीत आणि मी लॅबमध्ये. मराठी घरं इथं हाताच्या बोटांवर, त्यामुळे ओळख लवकर झाली आणि मग मैत्री झाली. ती नागपूरची, इंदोऱ्यातली. वडील शाळामास्तर. घरात बुद्धवंदना आणि पुस्तकं. दारात कुणी हात पाहणारा आला तर तिचे वडील त्याला हाकलत नसत, पाणी देऊन समोर बसवत आणि एकेक प्रश्न विचारत. तो बिचारा आपणहून पळून जायचा. हे सांगताना सुलेखा पोट धरून हसायची.

आर्य वीस वर्षांचा झाला तोवर बापाच्या कितीतरी पुढे गेला होता. डोंगरांपलीकडे युनिव्हर्सिटीत शिकायला होता, पण हिवाळ्यात संधी मिळेल तेव्हा घरी यायचा, आणि तो कुणासाठी येतो हे सुलेखाला चांगलं कळत होतं. "माझ्यासाठी नाही, त्या डोंगरासाठी येतो," म्हणायची, पण आदल्या दिवशी त्याच्या आवडीचं सावजी चिकन करायला विसरायची नाही.

त्या फेब्रुवारीत असाच तो शुक्रवारी आला. शनिवारी पहाटेपासून बर्फ पडत होता. हेमचंद्रचा गुडघा दुखत होता, म्हणून तो घरीच राहिला. सुलेखाची हॉस्पिटलात ड्यूटी होती. तिनं रोल बांधून ओट्यावर ठेवले. आर्यनं त्यातला एक उभ्याउभ्याच खाल्ला.

"बाकीचे घेऊन जा."

"आई, आय विल ईट देअर."

"एकटा जातोयस, अंधार व्हायच्या आत ये."

"आई. स्टॉप." हसून तिच्या डोक्यावर हनुवटी टेकवली त्यानं, तेवढा उंच झाला होता, आणि केशरी जॅकेट चढवून गेला.

संध्याकाळी उतारावर नेणाऱ्या, तारेवर लटकत्या खुर्च्यांच्या लिफ्ट बंद झाल्या, लोक उतरले, पार्किंग रिकामं झालं. एकच गाडी उरली, वर बर्फाची जाड गादी घेऊन. उतारांवर लक्ष ठेवणाऱ्या स्की पॅट्रोलच्या लोकांनी नंबर प्लेटवरून नाव शोधलं आणि घरी फोन केला. सुलेखा नुकतीच ड्यूटीवरून आली होती. दोघं तशीच वर गेली.

कॉलेजच्या दोन मुलींनी सांगितलं की सगळ्यात वरच्या लिफ्टपाशी केशरी जॅकेटवाला एक मुलगा हद्दीच्या दोरीखालून वाकून पलीकडे जाताना दिसला. दोरीच्या अलीकडे स्की एरिया, तिथं वाटा आखलेल्या, राखलेल्या. पलीकडे नुसता डोंगर. कोणी न तुडवलेला मऊ बर्फ आणि देवदाराची झाडं. तिथं जाऊ नये अशी पाटी असते, आणि अशा दिवशी तिथं जाण्याचा मोह होत नाही असा इथं एकही स्कीअर नसतो.

त्या रात्री कुणाला पलीकडे सोडता आलं नाही. बर्फ पडतच होता, आणि वरचा थर कधीही घसरून खाली येईल अशी भीती होती. दुसऱ्या दिवशी शेरिफची, म्हणजे इथल्या पोलिसांची, माणसं आली, कुत्री आली, थोडं उघडल्यावर हेलिकॉप्टरही येऊन गेलं. पुन्हा वादळ आलं. कुत्र्यांना वास लागेना. आठवडा उलटून गेला. मग शेरिफचा एक डेप्युटी घरी आला, टोपी हातात धरून सोफ्याच्या कडेवर बसला आणि म्हणाला, की मिसेस खोब्रागडे, आजपासून ही रेस्क्यू नाही, रिकव्हरी आहे.

मी तिथं होते. सुलेखाचा चेहरा क्षणभर उजळला. आमच्या हॉस्पिटलात रिकव्हरी म्हणजे पेशंट बरा होतोय, धोका टळला. तिनं हेमचंद्रकडे पाहिलं. "रिकव्हरी म्हणतायत ते."

हेमचंद्र मान खाली घालून बसला होता. त्यालाच सांगावं लागलं. "सुलू, म्हणजे ते आता फक्त... बॉडी शोधणार. तीही बर्फ वितळल्यावर."

तिनं डेप्युटीला चहा हवा का, एवढं विचारलं.

त्यानंतरच्या शनिवारी ती वर गेली आणि आपल्या त्याच टेबलापाशी जाऊन बसली. मग दर शनिवारी. लॉजमधले लोक तिला ओळखत. कुणी खांद्यावर हात ठेवून जाई, कुणी कॉफी आणून देई, आणि बरेचजण तिच्याकडे न बघता जायला शिकले. ती काचेतून बघत राही. खाली येणाऱ्या प्रत्येक केशरी ठिपक्याबरोबर तिचे डोळे खाली येत. एकदा मला म्हणाली, "डोक्याला कळतं गं. पण डोळे ऐकत नाहीत."

हेमचंद्र गेला नाही. त्यानं आपली स्की गराजच्या मागच्या भिंतीशी नेऊन उलटी उभी केली आणि ऑफिसचं काम घेऊन बेसमेंटमध्ये बसायला लागला. एके दिवशी जेवताना तो अचानक म्हणाला, "मीच शिकवलं त्याला."

सुलेखाला तेव्हा 'नाही रे' म्हणता आलं असतं. ती म्हणाली नाही. ताटाकडे बघत राहिली. तिनंच मला हे सांगितलं, आणि म्हणाली, "मी गप्प बसले ते त्याला ऐकू गेलं."

सिएटलच्या मराठी मंडळातल्या शोभाकाकू मार्चमध्ये भेटायला आल्या, एवढा घाट ओलांडून. मायेची बाई. निघताना त्यांनी सुलेखाला बाजूला घेतलं. पुण्यातले एक गुरुजी आहेत, हरवलेल्या माणसांचं अचूक सांगतात, फोनवर बोलतात.

"काकू, आमच्या घरात हे चालत नाही," सुलेखा म्हणाली.

"माहितीये गं बाई. नको करूस. नंबर फक्त असू दे."

नंबर फोनमध्ये राहिला. आणि एका शनिवारी, डोंगरावरच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून, काचा बंद करून, इंदोऱ्याच्या त्या शाळामास्तरांच्या मुलीनं तो लावला. गुरुजींनी जन्मवेळ विचारली. तिला ती मिनिटासकट पाठ होती. पलीकडे बराच वेळ कागदांची सळसळ झाली, आणि मग आवाज आला, "मुलगा हयात आहे. उत्तर दिशेला, कुणाच्या तरी आश्रयाला आहे. वैशाखी पौर्णिमेच्या आत घरी येईल."

वैशाखी पौर्णिमा म्हणजे बुद्धपौर्णिमा. ती घरी आली ती वेगळीच होऊन. आर्यच्या खोलीतल्या चादरी धुतल्या. त्याचं सिरियल आणलं. गादी उन्हात टाकली. हेमचंद्र दोन-तीन दिवस बघत होता. मग त्यानं विचारलं, आणि तिनं खरं ते सांगितलं.

"तू?" तो म्हणाला. "तू फोन केलास? बाबा असते तर..."

"बाबांना माझं पोर हरवलेलं पाहायला लागलं नाही."

तो जिन्यापर्यंत गेला. कठड्याला धरून थांबला. पाठमोराच होता. आणि मग अगदी हळू आवाजात विचारलं, "काय म्हणाला तो?"

तिनं सांगितलं. त्या दिवसापासून पुढचे काही आठवडे ते दोघं एका घरातल्या माणसांसारखे वागले. एकत्र जेवले. भारतातले फोन एकत्र घेतले. कुणी उत्तरेकडच्या एखाद्या जंगलातल्या केबिनची गोष्ट काढली, की दोघंही कान देऊन ऐकत.  

एप्रिलमध्ये स्की एरिया बंद व्हायचा शेवटचा आठवडा आला. पॅट्रोलमध्ये कॅरल नावाची एक साठीची बाई होती, पहिल्या दिवसापासून शोधात असलेली. तिनं सुलेखाला विचारलं, "तुला ती जागा बघायचीय का? स्की येत नसेल तरी चालतं. खुर्चीवर बसून वर जायचं, खुर्चीवर बसून खाली यायचं. मी येते बरोबर."

इतक्या वर्षांत सुलेखा त्या लिफ्टच्या खुर्चीत कधी बसली नव्हती. खुर्ची मागून आली, गुडघ्यांवर आपटली, आणि ती उचलली गेली. पाय अधांतरी. खाली झाडांचे शेंडे. ती मला म्हणाली, "वीणा, इतकं शांत असतं वर. मला वाटायचं तो तिथं नुसता वेगात असतो. कधी कळलंच नाही, की वर जाताना तो इतका वेळ असा शांत बसत असेल."

वर दोरी होती. साधी दोरी, बोटाएवढी जाड, बांबूच्या काठ्यांना बांधलेली. तिच्या कमरेला लागत होती. तिनं मनात काय काय धरलं होतं कोण जाणे, कुंपण असेल, कडा असेल, बघताक्षणी भीती वाटेल असं काही असेल. तसं काहीच नव्हतं. पलीकडचा उतार अलीकडच्यासारखाच होता. उलट जास्त सुंदर होता.

ती बराच वेळ उभी राहिली. मग कॅरलला विचारलं, "मी हाक मारली तर बर्फ कोसळेल का?"

"नाही. आवाजानं बर्फ कोसळत नाही. मार हाक."

"आर्य!" तिनं हाक मारली. मग आणखी जोरात. मग नागपूरच्या घरात मारायची तशी, "आर्या रे! अरे, कुठं आहेस बाबू? काहून गेला रे तिकडं?"

डोंगरात हाक मारली की ती घुमून परत येते हे तिला ठाऊक होतं. इथं काहीच परत आलं नाही. बर्फ आवाज पिऊन टाकतो, कॅरलनं सांगितलं. शब्द तोंडातून बाहेर पडत होते आणि तिथंच संपत होते, उशीत तोंड खुपसून बोलावं तसे. ती थकेपर्यंत ओरडत राहिली. शेवटी कॅरलनं तिला धरून खुर्चीत बसवलं.

बुद्धपौर्णिमेला तिनं पांढरी साडी नेसून दरवर्षीप्रमाणे खीर केली. आम्ही दोघं नवराबायको गेलो होतो. वंदना झाली. दारावरून कुठलीही गाडी गेली की हेमचंद्रचा आवाज अडखळायचा. जेवणं झाली. आम्ही उगाच रेंगाळलो. खिडकीबाहेर चांगला मोठा चंद्र वर आला, आणि चौघांपैकी कुणीही त्याच्याकडे बघेना. सुलेखा उठली, आर्यच्या खोलीत गेली आणि गादीवरची चादर ओढून काढली. घडी करायचा प्रयत्न केला, जमली नाही, तशीच बोळा करून कपाटात कोंबली.

"मूर्ख आहे मी," ती म्हणाली. "बाबांनी त्याला पाणी पाजून घालवला असता."

हेमचंद्र म्हणाला, "मी पण मानलं होतं."

"तू गप्प राहा," ती म्हणाली, आणि ते एका घरातल्या माणसांसारखं राहणंही तिथं संपलं.

जून संपता संपता आर्य सापडला. कॅरल आणि दोन कुत्री गेली होती. सुलेखा अंगणात टोमॅटोला पाणी घालत होती तेव्हा डेप्युटीची गाडी आली. तिनं पाणी बंद केलं नाही. तो बोलत होता तोवर ते वाफ्यातून फुटपाथवर वाहत राहिलं.

एका मोठ्या देवदाराच्या बुंध्याशी होता तो. खूप बर्फ पडला की अशा झाडाच्या खालच्या फांद्यांखाली बुंध्याभोवती पोकळी राहते. वरून दिसत नाही. स्कीवरून तोल जाऊन माणूस त्यात डोक्यावर पडला की वरचा भुसभुशीत बर्फ त्याच्यावर कोसळतो आणि त्याला हलता येत नाही. डेप्युटी म्हणाला, फार वेळ लागला नसेल. त्यानंतर त्याच्यावर महिनाभर बर्फ पडत राहिला होता. दोरीपासून तो लांब नव्हता. हाकेच्या अंतरावर होता.

अंत्यसंस्काराला सिएटलजवळच्या विहारातले श्रीलंकेचे भंतेजी आले. त्यांना मराठी येत नव्हतं, पण पाली तीच होती, आणि सुलेखाचे ओठ त्यांच्याबरोबर आपोआप हलत होते. नागपूरहून तिची आई व्हिडिओवर होती. सगळं झाल्यावर आई फोनवर एवढंच म्हणाली, "घरी ये." सुलेखानं विचारलं, "कुठल्या?"

त्या सप्टेंबरात हेमचंद्रनं पार पूर्वेकडच्या व्हर्जिनियात, अ‍ॅशबर्नला डेटा सेंटरमध्ये नोकरी घेतली. तिथं मराठी माणसं भरपूर, डोंगर नाही. "चल," तो म्हणाला. भांडण नव्हतं. ती म्हणाली, "पुढच्या महिन्यात येते." ऑक्टोबरातही तेच म्हणाली. नंतर त्यानं विचारणं सोडलं. रविवारी फोन येतो. हवापाण्याचं बोलतात.

पुढच्या हिवाळ्यात ती पुन्हा शनिवारी वर जायला लागली. आता लॉजमध्ये बसत नाही. लिफ्टनं वर जाते, दोरीपाशी उभी राहते, थंडी सोसवेनाशी झाली की खाली येते. पॅट्रोलवाले तिला अडवत नाहीत. मी विचारलं, "तिथं आता काय आहे सुलेखा?" म्हणाली, "काही नाही. घरी पण काही नाही."

जानेवारीतल्या एका शनिवारी मी तिच्याबरोबर गेले. रात्री ताजा बर्फ पडला होता, ऊन होतं. आम्ही वर पोहोचलो तर दोन पोरं, वीस-बावीसची, दोरीशी रेंगाळत होती. एकानं इकडंतिकडं पाहिलं आणि दोरी उचलली.

सुलेखा साध्या बुटांनी धावत सुटली. दर पावलाला गुडघ्यापर्यंत रुतत होती. "नो! डोंट गो! प्लीज!" ती त्यांच्यापर्यंत पोहोचली, एकाच्या बाहीला धरलं. श्वास लागला होता. "माय सन," ती म्हणाली. "माय सन वेंट फ्रॉम हिअर. ही डाइड."

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. धरलेला मुलगा खरंच ओशाळला. "आयम सो सॉरी, मॅम," म्हणाला. "आम्ही काळजी घेऊ. आमच्याकडे बीकन आहेत, बर्फाखालूनही सिग्नल देतात." आणि त्यानं अगदी हळुवारपणे तिची बोटं आपल्या बाहीवरून सोडवली. दोघं वाकून दोरीखालून गेले. झाडांमधून एकदा हसण्याचा आवाज आला, मग तोही थांबला.

मी पॅट्रोलला कळवलं. आम्ही खाली आलो. सुलेखा लॉजच्या बाहेर, जिथं दोरीपलीकडून खाली येणारी वाट येऊन मिळते, तिथल्या बाकावर बसली. आत चल म्हटलं तर आली नाही. दुपार कलली. मी तिला चहा आणून दिला, तो हातातच गार झाला.

मग ते दोघं आले. बर्फानं माखलेले, गाल लाल, एकमेकांच्या खांद्यावर थापा मारत. आम्ही दिसलो तसं त्यातल्या एकानं ओळखून हात वर केला. त्यांना काहीसुद्धा झालं नव्हतं. स्की काढून खांद्यावर टाकून ते पार्किंगकडे निघून गेले.

"आले बघ," मी म्हणाले. मला सुटल्यासारखं झालं होतं.

सुलेखा त्यांच्या पाठमोऱ्या जॅकेटांकडे बघत होती. तिचा चेहरा मला वाचता येईना. "हो," ती म्हणाली. "दोघंही आले." तिनं गार चहा बर्फावर ओतला. "मी इथं बसून काय मागत होते, मला माहीत नाही वीणा. त्यांनी यावं असंच मागत असेन ना मी?"

मी तिचा हात धरला. तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

परतताना गाडी मी चालवली. घाटाच्या वळणांवर ऊन जाऊन सावली झाली होती आणि रस्ता गोठायला लागला होता, म्हणून मी सावकाश आणली. घरापाशी तिला सोडलं. पुढच्या शनिवारी जाऊ नकोस, असं म्हणायचं होतं. तिनं दार उघडलं, उतरली, आणि मी म्हणायच्या आधीच म्हणाली, "तू नको येऊस पुढच्या वेळी. तुला थंडी बाधते."